नाकाचे काम तोंडावर

झोपेत तोंड वासून घोरणारे मूल दिसले, की घरातले कोणीतरी म्हणतेच, "दमलंय बिचारं, गाढ झोपलंय." मायेने उच्चारलेले हे वाक्य पुष्कळदा चुकीचे असते. अशा मुलाजवळ मंद उजेडात पाच मिनिटे बसून पाहावे. मान मागे टाकलेली आणि हनुवटी वर गेलेली दिसते. ओठांवर सुकलेली साल असते आणि उशीच्या अभ्र्यावर लाळेचा ओला डाग. पंखा चालू असूनही मानेला घाम सुटलेला असतो. श्वास आत घेताना गळ्याखालची खळगी आणि शेवटच्या बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जाते. मधूनच घोरणे थांबते, काही क्षण काहीच ऐकू येत नाही, मग मूल दचकून कूस बदलते आणि पुन्हा तोच आवाज सुरू होतो. सकाळी त्याला उठवताना आईच्या नाकी नऊ येतात. नऊ तास अंथरुणात काढूनही ते पेंगुळलेले आणि चिडचिडे असते, कारण रात्रभर त्याचे शरीर हवा मिळवण्यासाठी राबलेले असते.

झोपेत तोंडाने श्वास घेणे आणि ती सवय सुधारणारे उपचार हा या लेखाचा विषय आहे. वैद्यकाला तो नवा नाही, पण मराठी घरांत अजून त्याची तक्रार म्हणून नोंद होत नाही. सर्दीसाठी डॉक्टर गाठले जातात, वेड्यावाकड्या दातांसाठी दंतवैद्य आणि वर्गात लक्ष नाही म्हणून शिकवणीचे सर. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी रात्रीचे उघडे तोंड असू शकते, हे फार थोड्या आईवडिलांच्या कानावर येते. जे कानावर येऊ लागले आहे ते मोबाइलवरच्या चित्रफितींतून: ओठांवर पट्टी चिकटवा आणि झोपा. एकीकडे दुर्लक्ष आणि दुसरीकडे चिकटपट्टी, अशा कात्रीत सापडलेल्या वाचकाला सगळ्यात आधी उपचारांचा क्रम कळायला हवा. नाकाची वाट आधी मोकळी करायची आणि तोंड मिटायला मग शिकवायचे, हा तो क्रम.

मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा ते बारा हजार लिटर हवा आत घेतो. ती फुप्फुसांत पोचण्याआधी गाळणे, शरीराच्या उष्णतेला आणणे आणि ओली करणे ही नाकाची कामे आहेत. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना तीन-तीन वळलेली हाडे असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेले मऊ अस्तर. लोक "नाकाचं हाड वाढलंय" म्हणतात, तेव्हा बहुधा या अस्तराची सूज असते किंवा मधल्या पडद्याला बाक आलेला असतो. श्वास बाहेर जाताना हेच अस्तर त्यातला बराचसा ओलावा परत ठेवून घेते. निरोगी माणसांनी नाकाऐवजी तोंडाने उच्छ्वास सोडला तर श्वासावाटे जाणारे पाणी ४२ टक्क्यांनी वाढते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याला पहाटे पाण्याचा तांब्या का शोधावा लागतो, त्याचे हे उत्तर. झोपेत लाळ तशीही कमी सुटते. त्यात तोंड सुकले, की वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या लाल होतात आणि दात किडायला वाव मिळतो.

नाकाचे आणखी एक काम बऱ्याच उशिरा लक्षात आले. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांत नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळ्या असतात, ज्यांना सगळे सायनस म्हणून ओळखतात. या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले. रक्तवाहिन्या सैल करणारा हाच रेणू. त्यावरच्या मूलभूत कामाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो थोड्या प्रमाणात फुप्फुसांत जातो. तोंडाने घेतलेली हवा ही वाट टाळूनच आत शिरते.

झोपेत याहून गंभीर गोष्ट घडते ती घशात. तोंड उघडले की खालचा जबडा खाली आणि मागे सरकतो. त्याला जोडलेली जीभ मागे पडते आणि आधीच सैलावलेला घसा आणखी अरुंद होतो. त्या अरुंद वाटेने हवा ओढताना पडजीभ आणि मऊ टाळू थरथरू लागतात. तेच घोरणे. घसा पूर्ण मिटला तर श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू झोप मोडून घसा उघडतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी माणसांना एका रात्री केवळ नाकाने आणि एका रात्री केवळ तोंडाने श्वास घेत झोपवले गेले. तोंडाने श्वास चालू असताना घशातला अडथळा दुपटीहून अधिक झाला. श्वास अडण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग नाकाने झोपताना ताशी दीडच्या आसपास होते. तोंडाने झोपताना तेच ४३ वर गेले. ही माणसे आजारी नव्हती, त्यांचा फक्त श्वासाचा मार्ग बदलला होता. मोठ्यांत ताशी पाचपर्यंतचे प्रसंग सोडून दिले जातात आणि तीसच्या पुढे तीव्र विकार मानतात. लहान मुलांत ताशी एकाच्या वर गेले तरी लक्ष द्यावे लागते. मुलांचे घोरणे हसण्यावारी नेऊ नये ते यासाठी.

या विषयाचा इतिहास दोन माणसांच्या दोन दृष्टींनी सुरू होतो आणि त्या दोन दृष्टींची ओढाताण आजही संपलेली नाही.

पहिला माणूस डॉक्टर नव्हता, चित्रकार होता. अमेरिकेतला जॉर्ज कॅटलिन १८३० च्या दशकात मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांची चित्रे काढत हिंडला. बाळ झोपले, की आया त्याचे ओठ बोटांनी हलकेच मिटवतात, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिले. त्या लोकांचे सरळ दात आणि मिटलेले ओठ त्याच्या मनात ठसले. त्याला स्वतःलाही तोंड उघडे ठेवून झोपण्याची सवय होती आणि ती त्याने प्रयत्नाने मोडली. १८६२ मध्ये त्याने या एकाच विषयावर सचित्र पुस्तक काढले. त्यातले निरीक्षण अव्वल आहे, निष्कर्ष मात्र सैल आहेत. जवळपास प्रत्येक दुखण्याचे खापर तो उघड्या तोंडावर फोडतो. कॅटलिनच्या मते तोंड उघडे राहणे ही सवय होती आणि निश्चय केला की ती सुटत होती.

दुसरा माणूस कोपनहेगनचा डॉक्टर विल्हेल्म मायर. त्याच्याकडे एक तरुणी आली. तिला कमी ऐकू येत होते आणि तिचा आवाज नाक चोंदल्यासारखा जड होता. मायरने टाळूच्या मागून वर बोट घालून तपासले, तेव्हा नाकाच्या मागच्या बाजूला मऊ मांसल वाढ हाताला लागली. आज सगळे जिला ॲडेनॉइड म्हणतात ती हीच. १८६८ मध्ये त्याने आपला शोध प्रसिद्ध केला आणि मुलांच्या उघड्या तोंडाकडे पाहण्याची वैद्यकाची रीत बदलली. ॲडेनॉइड प्रत्येक मुलाला असतात, तीन ते सात वर्षांच्या वयात ते सर्वांत मोठे असतात आणि पौगंडावस्थेपर्यंत आक्रसतात. पण ते नाकाची मागची वाट बुजवण्याइतके वाढले, तर मुलाने कितीही निश्चय केला तरी तोंड उघडणारच. मायरला रोगाचे ठिकाण सापडले होते. कोपनहेगनमध्ये पुढे त्याचे स्मारक उभे राहिले.

मायरच्या शोधामागोमाग ॲडेनॉइड काढण्याच्या शस्त्रक्रिया युरोप-अमेरिकेत झपाट्याने वाढल्या. कधी कधी शाळेतच. जून १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात याचा भडका उडाला. तिथल्या बहुतेक मुलांच्या आया पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरित होत्या आणि त्यांची भाषा यिडिश होती. शाळेत डॉक्टर मुलांचे गळे कापतात, अशी अफवा उठली आणि हजारो आया शाळांवर धावून गेल्या. दारे ठोठावली गेली, काचा फुटल्या. त्या बायकांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण आपल्या मुलाच्या घशात काय करणार, कशासाठी करणार, हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी पुरेसे सांगितले नव्हते. शस्त्रक्रियेचा कागद पुढे सरकवून "इथे सही करा" म्हणणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

तोंडाने श्वास घेतल्याने चेहऱ्याची ठेवण बदलते का, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ वादात आहे. लांबट चेहरा, पुढे आलेले वरचे दात, अरुंद आणि उंच टाळू, डोळ्यांखाली काळसर छटा असे वर्णन जुन्या वैद्यक ग्रंथांतही आहे. एगिल हारवोल्ड या दंतवैज्ञानिकाने सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला वाढत्या वयाच्या ऱ्हीसस माकडांच्या नाकपुड्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून पाहिल्या. माकडांचे दात आणि जबडे बिघडले, पण सगळ्यांचे एकसारखे नाही. कोणी जबडा सतत खाली ठेवला, कोणी प्रत्येक श्वासाला उघडमीट केली, कोणी जीभ पुढे काढली. आणि ज्याची जशी तऱ्हा, तसे त्याचे हाड वळले. प्रयोग आजच्या मापाने क्रूर वाटतो. त्यातून कळले ते इतके, की जीभ आणि ओठ कुठे विसावतात यावर वाढते हाड आकार घेते. जीभ टाळूला टेकून राहिली तर वरची कमान रुंद राहते. ती दिवसरात्र खाली पडून राहिली तर गालांचा दाब वरचढ ठरतो. माणसाच्या मुलांत आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो, त्यामुळे प्रत्येक लांबट चेहऱ्यामागे तोंडाचा श्वास शोधत बसू नये.

स्नायूंना व्यायाम देऊन हे सुधारता येईल, ही कल्पना दंतवैद्यकात १९१८ मध्ये अमेरिकेच्या आल्फ्रेड रॉजर्स यांनी मांडली. नंतर ती बराच काळ मागे पडली. तिला नवे बळ मिळाले ते ब्राझीलमध्ये. साओ पाउलोच्या वाचोपचारतज्ज्ञ काटिया गिमाराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत मध्यम प्रमाणात श्वास अडणाऱ्या ३१ प्रौढांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला जीभ, मऊ टाळू, गाल आणि ओठ यांचे व्यायाम रोज सुमारे अर्धा तास, तीन महिने करायला दिले. दुसऱ्या गटाने दीर्घ श्वसन आणि नाक धुणे एवढेच केले. व्यायाम करणाऱ्यांत श्वास अडण्याचे प्रसंग ताशी २२.४ वरून १३.७ वर आले, घोरणे कमी झाले, मानेचा घेरही थोडा उतरला. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये अशा नऊ अभ्यासांतल्या १२० प्रौढांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा ताशी २४.५ वरून १२.३ अशी जवळजवळ निम्मी घट दिसली. संख्या लहान आहे, हे मान्य करावे लागते. पण दिशा स्पष्ट आहे, आणि या व्यायामांचा खर्च यंत्रांच्या मानाने नगण्य आहे.

याच कुळातली दोन उदाहरणे विलक्षण आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांपैकी काहींना चार महिने डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचे लांब लाकडी वाद्य वाजवायला शिकवले गेले. त्यांची दिवसाची झापड आणि रात्रीचे अडणारे श्वास दोन्ही कमी झाले. हा अभ्यास २००६ चा. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तेच शंखाने करून पाहिले. तीस रुग्णांपैकी एका गटाने आठवड्यातून किमान पाच दिवस, किमान पंधरा मिनिटे असा सहा महिने शंख फुंकला. दिवसाची झापड ३४ टक्क्यांनी घटली आणि श्वास अडण्याचे प्रसंग ताशी चार-पाचने कमी झाले. घशाच्या स्नायूंना तालीम मिळाली की ते झोपेतही इतके लुळे पडत नाहीत, हे दोन्हींतले समान तत्त्व.

प्रत्यक्ष उपचार कसा असतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सात-आठ वर्षांचे मूल आरशासमोर बसते. वाचोपचारतज्ज्ञ नाकपुड्यांखाली धातूची थंड पट्टी धरतात आणि दोन्ही बाजूंना वाफेचे ठसे सारखे उमटतात का ते पाहतात. मग मुलाला पाण्याचा घोट तोंडात धरून ओठ मिटायला सांगतात आणि घड्याळ लावतात. दोन-तीन मिनिटे तसे बसता आले, तर नाकाची वाट निदान वापरण्याजोगी आहे. अर्ध्या मिनिटात पाणी गिळून मूल धापा टाकू लागले, तर व्यायाम थांबवून आधी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे पाठवावे लागते. वाट मोकळी असेल तर धडे सुरू होतात. 'न' म्हणताना जिभेचे टोक जिथे टेकते ती जागा मुलाला दाखवतात आणि जिभेने तिथेच विसावायचे असे शिकवतात. सगळी जीभ टाळूला चिकटवून एकदम सोडायची, घोड्याच्या टापांसारखा टॉक-टॉक आवाज काढायचा. दोऱ्यात ओवलेले मोठे बटण दात आणि ओठ यांच्यामध्ये धरायचे. तज्ज्ञ दोरा ओढतात आणि मूल ओठांच्या बळावर बटण सुटू देत नाही. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चावायचे, दात जुळवून गिळायचे. घरी गृहपाठ असतो. चित्र रंगवताना, टीव्ही पाहताना ओठ मिटलेले ठेवायचे.

हे सगळे मुलांना खेळासारखे वाटते. पहिले दोन आठवडे. पुढे कंटाळा येतो, परीक्षा येतात, पाहुणे येतात आणि व्यायाम सुटतो. उपचार फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. वडीलधाऱ्यांपैकी एकाने मुलाबरोबर आरशासमोर बसून रोज तेच व्यायाम केले, तर काही महिन्यांत गोष्ट अंगवळणी पडते. आणखी एक अडचण गैरसमजाची. वाचोपचार म्हणजे तोतरेपणावरचा इलाज, एवढेच पुष्कळांना माहीत असते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचोपचाराचे शिक्षण देते आहे आणि असे शिकलेले तज्ज्ञ आता जिल्ह्याच्या शहरांतही भेटतात. गिळणे, चावणे आणि तोंडाच्या स्नायूंची ठेवण हेही त्यांच्याच अभ्यासाचे विषय आहेत.

आता पुन्हा क्रमाकडे. ब्राझीलमधल्या आबाएते या गावी तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांची तपासणी झाली. मुले तीन ते नऊ वर्षांची होती. २००८ मध्ये आलेल्या त्या अहवालात ८१ टक्के मुलांना नाकाची ॲलर्जी आणि ७९ टक्के मुलांचे ॲडेनॉइड वाढलेले आढळले. कित्येकांत दोन्ही. पडद्याचा अडथळा आणणारा बाक जेमतेम एक टक्का. ज्या मुलाला आपल्याकडे "सर्दीचा कोठा आहे" म्हणून सोडून दिले जाते, त्याला बहुधा ॲलर्जी असते. कोकणातल्या दमट घरांतली बुरशी, शहरांतल्या बांधकामांची धूळ, गादी-उशीतले डोळ्यांना न दिसणारे कीटक, उदबत्तीचा आणि फटाक्यांचा धूर यांनी ती चाळवते. नाकात मारायचे योग्य औषध, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि गादीला ऊन दाखवणे यांनी यातल्या पुष्कळ मुलांचे नाक उघडते. मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले, नाक झटकन मोकळे करणारे थेंब आठवडाभराच्या पुढे वापरले तर अस्तर उलट जास्त सुजते. महिनोन्‌महिने ते थेंब उशाशी ठेवून झोपणारी माणसे आपणच आपले नाक बंद करत असतात.

शस्त्रक्रियेबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दोन्ही टोकांना वेसण घालतो. झोपेत श्वास अडणाऱ्या या मुलांपैकी निम्म्यांचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड लवकर काढले, बाकीच्यांना नुसते लक्षाखाली ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुरळीत आली. नुसत्या देखरेखीतल्यांपैकी ४६ टक्के मुलांचीही. एकाग्रतेच्या चाचणीत दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही, पण वागणूक आणि एकंदर स्वास्थ्य यांत शस्त्रक्रिया झालेली मुले पुढे होती. सौम्य त्रास असलेल्या मुलासाठी काही महिने वाट पाहण्यात चूक नाही. श्वास वारंवार अडत असेल तर वाट पाहू नये.

आणि शस्त्रक्रिया झाली की काम संपले असेही नाही. क्रिस्तियाँ गियेमिनो या डॉक्टरांनी स्टॅनफर्डमध्ये १९७६ च्या सुमारास झोपेतल्या श्वसनरोधाला वैद्यकात जागा मिळवून दिली. आयुष्याच्या उत्तरार्धात हे तज्ज्ञ मुलांच्या नाकाच्या श्वासाबद्दल हट्टाने बोलू लागले. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने २४ मुलांची पुढील काही वर्षांची हकिकत मांडली. सगळ्यांची शस्त्रक्रिया आणि दातांचे उपचार झाले होते, सगळी बरी झाली होती. यांतल्या ११ मुलांना जिभेच्या आणि ओठांच्या व्यायामांचे शिक्षण मिळाले होते. चार वर्षांनंतरही ती बरी होती. उरलेल्या १३ मुलांना ते मिळाले नव्हते आणि त्यांचा त्रास परतला होता. चोवीस मुले म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे. पण मायरची वाट मोकळी करणारी दृष्टी आणि कॅटलिनची सवय मोडणारी दृष्टी एकत्र आल्याशिवाय भागत नाही, हे त्या चोवीस मुलांइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

या पार्श्वभूमीवर ओठांवरच्या चिकटपट्टीकडे पाहिले की तिची जागा कळते. तैवानमध्ये सौम्य त्रास असलेल्या, नाक मोकळे असलेल्या २० प्रौढांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टीने फायदा झाला. ताशी प्रसंग ८.३ वरून ४.७ वर आले. २०२४ मध्ये ५४ रुग्णांचे तोंड औषधाने आणलेल्या झोपेत मिटवून पाहिले, तेव्हा अनेकांचा श्वास सुधारला. पण ज्यांचा श्वास मुख्यतः तोंडानेच चालत होता, त्यांच्यात हवा आणखी कमी झाली. म्हणजे पट्टीची गरज ज्यांना सर्वांत जास्त वाटते, त्यांनाच तिचा धोका अधिक. २०२५ मध्ये दहा अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांनीही नाक बंद असलेल्या माणसाला पट्टीने गुदमरण्याची भीती आहे, असे बजावले. लहान मुलांच्या तोंडावर पट्टी लावण्याचा विचारही करू नये. उलटी झाली, नाक चोंदले, तर ती काढण्याची शुद्ध झोपलेल्या मुलाला नसते.

महाराष्ट्राला या विषयात परके वाटण्याचे कारण नाही. मुंजीनंतर संध्या शिकताना बोटांनी नाकपुडी धरून प्राणायाम करणारी मुले अनेक घरांत होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि श्वासाच्या या जुन्या क्रियांना प्रयोगशाळेत नेले. श्वास काही तास एका नाकपुडीतून अधिक चालतो आणि मग दुसरीतून, हे स्वरशास्त्राने चंद्र आणि सूर्य या नावांनी नोंदले होते. युरोपीय वैद्यकात त्याचे वर्णन जर्मन डॉक्टर रिशार्ड कायझर यांनी १८९५ मध्ये केले. एक नाकपुडी बंद वाटली म्हणजे नाक बिघडले, असे त्यामुळे लगेच मानू नये. भ्रामरीत जो गुंजारव करतात, तशा गुणगुणण्याने नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या पंधरापट होते, असे कॅरोलिन्स्कातच २००२ मध्ये मोजले गेले. जलनेतीने नाक स्वच्छ होते आणि प्राणायामाने नाकाकडे लक्ष जाते. वाढलेले ॲडेनॉइड मात्र त्याने आक्रसत नाहीत, आणि दिवसा दहा मिनिटे नाकाने घेतलेला श्वास रात्रीची सवय आपोआप बदलत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत वजन, मद्य, झोपेच्या गोळ्या आणि उताणे झोपणे यांचाही हिशेब करावा लागतो. त्रास तीव्र असेल तर कॉलिन सलिवन यांनी १९८१ मध्ये सिडनीत पुढे आणलेले, मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र आजही सर्वांत भरवशाचे आहे. ते नाकावर लावून तोंड उघडले, तर हवा तोंडावाटे निसटते आणि रुग्ण कंटाळून यंत्र कपाटात ठेवतो. ओठ मिटण्याचे व्यायाम तिथेही उपयोगी पडतात, पण डॉक्टरांना न विचारता यंत्र सोडून केवळ व्यायामावर विसंबणे धोक्याचे आहे.

वाचकांना एवढीच विनंती आहे. घरातले मूल झोपल्यावर तासाभराने त्याच्याजवळ बसा. ओठ मिटलेले आहेत का, घोरण्यात खंड पडतो का, बरगड्या आत ओढल्या जातात का, ते पाहा. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करा, आवाजासकट. आठवड्यातून किती रात्री असे होते, अंथरूण ओले होते का, सकाळी डोके दुखते का, हे एका कागदावर लिहा. ते चित्रण आणि तो कागद घेऊन कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जा आणि त्यांना दोन प्रश्न विचारा: नाकाची वाट कशाने अडली आहे, आणि ती मोकळी झाल्यावर तोंड मिटायला कोण शिकवणार?